पहिल्या चार पानांची प्रतवारी

कानावर पेन्सिल खोचलेला माणूस सुतार असतो, विडी खोचलेला हमाल असतो आणि फूल खोचलेल्या माणसाची बायको बहुधा माहेरी गेलेली असते, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. आंब्याचं पान खोचलेल्या माणसाविषयी मात्र आपल्या समाजात अजून काही नक्की ठरलेलं नाही. म्हणूनच एका शनिवारी संध्याकाळी मी सोसायटीचा जिना चढत असताना वरून उतरणारे नवे बिऱ्हाडकरू दिघे मध्येच थबकले आणि माझ्या उजव्या कानाकडे पाहत राहिले.

"वा! घरात कार्य दिसतंय," ते म्हणाले. "तोरणं बांधताय वाटतं?"

"नाही," मी म्हणालो. "बोली फसली."

दिघ्यांनी कठडा धरला. दिल्लीत मोठ्या हुद्द्यावर तीस वर्षं काढून अंधेरीला शांतपणे राहायला आलेला माणूस. शेजार कसा निघतोय याची त्यांना आधीच धास्ती असणार. मी घाईघाईनं पान काढून खिशात टाकलं, पण तोवर वसुधानं दार उघडलं होतं. "अहो, आज पुन्हा पान घेऊनच आलात का?" असं ती मोठ्यानं म्हणाली, आणि हा प्रकार नेहमीचा आहे हेही दिघ्यांना कळलं.

आता सगळं सांगायलाच हवं. आमच्या सोसायटीच्या मागे एक शेत आहे, शेतापलीकडे आंबोली गावठाण, आणि गावठाणात शिरल्याबरोबर डाव्या हाताला ॲम्ब्रोज परेराचं घर. त्या घराच्या ओट्यावर दर शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं तीनशेचार खेळतो. मी आणि ॲम्ब्रोज एका बाजूला. ॲम्ब्रोजचा चुलतभाऊ इसिडोर आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नंदकिशोर वैद्य दुसऱ्या बाजूला. हा खेळ कोकणातून आंबोलीत आला असं इसिडोर म्हणतो. ॲम्ब्रोजच्या मते तो आंबोलीतून कोकणात गेला. ॲम्ब्रोजच्या मते जगातल्या बऱ्याच गोष्टी आंबोलीतून गेलेल्या आहेत.

खेळ सोपा आहे. सत्तीपासून वरची बत्तीस पानं घ्यायची. इथे राजाला कुणी हिंग लावून विचारत नाही. सगळ्यांत मोठा गुलाम. त्याचे गुण तीस. मग नव्वीला वीस, एक्क्याला अकरा, दश्शीला दहा. राजाला तीन, राणीला दोन, आणि अठ्ठी-सत्तीला भोपळा. सगळे मिळून तीनशेचार. गंमत पुढेच आहे. प्रत्येकाला आधी चारच पानं मिळतात, आणि तेवढ्यावर छातीठोकपणे सांगायचं की आमची जोडी इतके गुण करील. ही बोली. ज्याची बोली मोठी त्यानं हुकमाचा रंग ठरवायचा, त्या रंगाचं एक पान पालथं ठेवायचं, आणि मग उरलेली चार-चार पानं वाटायची. म्हणजे मुलगी पाहून होकार द्यायचा आणि स्वभाव मागाहून वाटला जातो. मराठी माणसाला हा खेळ शिकायला वेळ लागत नाही तो त्यामुळेच.

आंब्याचं पान ही आंबोलीची खास रीत. इथे पैसे लावून खेळत नाहीत. ज्याची बोली फसली त्यानं दारातल्या झाडाचं पान कानावर खोचायचं, आणि पुन्हा स्वतः बोली करून ती पुरी करीपर्यंत उतरवायचं नाही. जोडीदारानं दहा डाव जिंकून दिले तरी पान जागच्या जागी. शनिवारी उतरलं नाही तर घरी जाताना काढायला परवानगी, पण पुढल्या शनिवारी ओट्यावर पाय ठेवण्याआधी ताजं पान तोडून खोचलंच पाहिजे. इतरांच्या कानावर पान येतं आणि जातं. माझ्या कानावर ते ज्येष्ठात आलं होतं आणि आता श्रावण संपत आला होता.

मी बोली करी आणि ती आपटे. मग मी घाबरून पास म्हणू लागलो, तर ॲम्ब्रोज चिडला. "अरे शाम, बोललाच नाय तर पान उतरंल कसं? माझं झाड खराट्यावानी झालं!" हे अतिशयोक्त होतं, पण खालच्या फांद्या मोकळ्या दिसत होत्या हे मला नाकारता येत नाही.

दिघे त्या जिन्यातल्या भेटीनंतर आठ दिवसांत ओट्यावर हजर झाले. नुसतं पाहायला, असं म्हणाले. नुसतं पाहायला येणाऱ्या माणसापासून फार जपून राहावं. त्याच सुमारास मला सर्दी झाली आणि एक शनिवार माझ्या जागी दिघे खेळले. दिल्लीच्या क्लबात ब्रिज खेळून ते तयार झालेले. त्यांनी एकदाही चूक केली नाही, एकदाही "अरेरे" म्हटलं नाही, आणि इसिडोर व वैद्य या दोघांच्याही कानांवर एकाच वेळी पानं आली, जे आंबोलीत कुणाच्या पाहण्यात नव्हतं. मी बरा होऊन गेलो तेव्हा ॲम्ब्रोजची बायको एमिलियाबाय चहा देता देता म्हणाली, "तो दिघे काय खेळतं रे!" आणि मग माझ्याकडे पाहून, "तुमची सर्दी कशी हाय?" असं विचारलं. त्या दोन वाक्यांमध्ये जी जागा होती तिथे मला फार बोचलं.

वैद्य हे सेक्रेटरी असल्यामुळे कुठलीही गोष्ट ठरावाच्या रूपात मांडतात. त्यांनी घसा खाकरला. "गुप्ते, राग मानू नका. पण एका जोडीत एक माणूस कायमच पान लावून बसलेला, त्यात आम्हाला जिंकण्याचाही आनंद होत नाही. मी असं सुचवतो, की आगेऱ्यापर्यंत तुमचं पान उतरलं नाही, तर ही खुर्ची दिघ्यांना द्यावी."

आगेरा म्हणजे गावठाणातला सुगीचा सण. नव्या भाताच्या ओंब्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नेतात, पाद्री त्यांना आशीर्वाद देतो, घरोघर आंबवलेल्या पिठाचे गोळे तळतात, त्यांना फुगे म्हणतात. तो ऑक्टोबरात, पहिल्या रविवारी. मी ॲम्ब्रोजकडे पाहिलं. तो पत्ते पिसत राहिला.

ती खुर्ची म्हणजे काही सिंहासन नव्हतं. वेताची, एका बाजूला कललेली, पावसाळ्यात ओलसर लागणारी. पण कचेरीत मी "गुप्ते, जरा इकडे या" असतो, घरात "अहो" असतो, सासरी "जावईबापू" असतो. श्यामकांत या नावाचा शाम करून "अरे शाम, माती खाल्लीस की रे" असं म्हणणारी एवढी एकच जागा या मुंबईत उरली होती, आणि आता तीही जाणार होती. घरी येऊन मी जेवलो नाही. म्हणजे कमी जेवलो.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी मला सुचलं, की आपण नशिबावर खेळतो तिथेच चुकतं. सरकारी कचेरीत एवढी वर्षं मी तक्ते आखतो ते कशासाठी? पहिली चार पानं जितक्या तऱ्हांनी येऊ शकतात त्या सगळ्यांची शास्त्रशुद्ध प्रतवारी लावायची. उत्तम हात कुठला, मध्यम कुठला, टाकाऊ कुठला, आणि कशावर किती बोली करावी. एकदा हे पाठ झालं की फसायचं कारणच नाही.

बत्तीस पानांतून चार पानं पस्तीस हजार नऊशे साठ तऱ्हांनी येतात. हा आकडा मी वसुधाला सांगितला तेव्हा ती गवार मोडत होती. "मग सगळ्या लिहिणार का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, तसं नाही, गट पाडायचे. "पाडा," ती म्हणाली. "पण मला विचाराल तर पानांचं काही नाही. तुमचं तोंडच सगळं सांगतं. जिन्यात तुमचं तोंड दिसलं की मला कळतं आज साहेब बोलला की नाही." बायकांना शास्त्रीय दृष्टी नसते असं माझं त्या वेळचं मत होतं. मी ते उच्चारलं नाही, इतपत अनुभव होता.

मग सल्ले सुरू झाले. मी कुणाला विचारलं नव्हतं, पण सोसायटीत एखाद्या घरी कागदाला पट्टी लावून रेघा मारल्या जात आहेत हे लपत नाही. वैद्य प्रतिस्पर्धी असूनही सेक्रेटरी या नात्यानं येऊन सांगून गेले, की चारही पानं पडेपर्यंत पहिलं पान उचलूच नये, ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं की बिघडतं. एमिलियाबायचं म्हणणं, चौकटची नव्वी हातात आली की तिची म्हैस आटते; तेव्हा तिला वीस गुण असोत की दोनशे, ती प्रतवारीत खालीच धरावी. इसिडोर बंदरावर फिटर होता आणि त्याला यंत्राइतकाच पत्त्यांचाही अनुभव. तो म्हणाला, "दोन गुलाम दोन रंगांचे आले तर बोलायचं नाय. दोन सासवांवानी. एकीचं ऐकलं तर दुसरी रुसतं." दिघ्यांनी इंग्रजीत अर्धा तास समजावलं आणि शेवटी विचारलं, "तुमच्या लक्षात येतंय ना?" माझ्या लक्षात एवढंच आलं, की त्यांना माझी खुर्ची अतिशय आवडलेली आहे.

अखेर सात प्रती ठरल्या. पहिली प्रत: एकाच रंगाचे गुलाम, नव्वी, एक्का, आणि चौथा दुसऱ्या रंगाचा गुलाम. बोली दोनशे व वर. दुसरी प्रत: गुलाम, नव्वी आणि त्याच रंगाचं कुठलंही तिसरं पान. बोली एकशेनव्वदपर्यंत. अशा उतरत उतरत सातवी आणि शेवटची प्रत: चारही पानं सत्त्या-अठ्ठ्या. त्यापुढे मी लिहिलं, "बोली करू नये. शक्य असल्यास पाणी पिण्यास उठावे." हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. त्यानंच माझा घात केला.

मी ज्या सरकारी कचेरीत काम करतो तिचं नाव सांगत नाही, कारण तिचा यात काही दोष नाही. तक्ता इतका देखणा झाला होता की तो हातानं लिहिलेला ठेवणं मला बरं वाटेना. आमच्याकडे आयरीन नावाची टायपिस्ट होती, बोटं विजेसारखी. मी तिला मधल्या सुट्टीत म्हटलं, "मिस आयरीन, एवढं एक खासगी काम. एकच प्रत." तिनं कागद पाहिला, हसली आणि म्हणाली, "एक कशाला मिस्टर गुप्ते? चांगलं दिसायला पायजे तर स्टेन्सिल कापते."

स्टेन्सिल कापलं म्हणजे यंत्रावर चढवावं लागतं, आणि यंत्रावर चढलं की एक प्रत निघत नाही, गठ्ठा निघतो. त्यातली काही पानं आवक-जावक टेबलावर राहिली. आवक-जावकच्या कारकुनाचा नियम असा, की सायक्लोस्टाइल केलेला कागद दिसला की त्याला क्रमांक घालायचा. क्रमांक पडला की तो साहेबांकडे जातो. साहेबांनी "पहिल्या चार पानांची प्रतवारी" एवढंच वरचं वाचलं. पुढचं वाचण्याइतका वेळ मोठ्या माणसांना नसतो. त्यांना वाटलं, वरून आलंय. त्यांनी खाली शेरा मारला, "सर्व तालुका कार्यालयांकडे माहितीसाठी व तातडीच्या कार्यवाहीसाठी."

मला हे कळलं ते तालुक्यांची उत्तरं येऊ लागली तेव्हा. एका कार्यालयानं कळवलं, की या कार्यालयात पहिल्या प्रतीचे एकही पान आढळून आले नाही, सबब निरंक. दुसऱ्यानं विचारलं, पाणी पिण्यास उठण्याची तरतूद चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे काय. तिसऱ्यानं तर मुदतवाढ मागितली. साहेबांनी मला बोलावलं. मी राजीनाम्याचा मसुदा मनात जुळवत गेलो. पण ते म्हणाले, "गुप्ते, हे प्रतवारीचं प्रकरण तुम्ही हाताळा. तक्त्यांत तुमचा हात चांगला आहे." तेव्हापासून त्या फाइलवर माझी सही आहे, आणि ती फाइल बंद करायचा अधिकार कुणाला आहे हे अजून निश्चित झालेलं नाही.

हे सगळं सोसलं असतं. पण पुढच्या शनिवारी मी कानावर पान खोचून ओट्यावर बसलो आणि माझ्याच प्रतवारीप्रमाणे, दुसऱ्या प्रतीचा हात पाहून, आत्मविश्वासानं "एकशेनव्वद" म्हणालो. त्याबरोबर इसिडोरनं सदऱ्याच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला, चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचलं, "एकशेनव्वद. म्हंजे गुलाम, नव्वी, आणि त्याच रंगाचं तिसरं." मग वैद्यांकडे वळून, "नंदकिशोर, गुलाम त्याच्याकडे हाय. वर चढू नको, बाहेर काढायचा बघू."

कागद ओळखीचा होता. ओळखीचा कसला, माझाच होता!

"तुझ्याकडे हा कुठून आला?" मी ओरडलो.

"आयरीननं दिला," इसिडोर म्हणाला. "माझी पोरगी."

आयरीन आंबोलीची आहे हे मला ठाऊक होतं. इसिडोरला मुलगी आहे आणि ती कुठल्याशा कचेरीत जाते हेही ठाऊक होतं. कचेरीत ती मिस आयरीन, ओट्यावरून हाक मारली जाई ती बाबी. पाच वर्षांत या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. पांढरपेशा माणसाच्या डोक्यात कचेरी आणि गावठाण यांच्यामध्ये एक शेत असतं, आणि ते शेत ओलांडताना तो बऱ्याच गोष्टी बांधावर विसरतो.

माझी एकशेनव्वदची बोली आपटली. पानावर नवं पान लावायची रीत नव्हती, म्हणून तेच राहिलं. पण खरी वाट लागली ती पुढे. आयरीननं उरलेल्या प्रती गावठाणात वाटल्या. लोकांना तक्ता पसंत पडला. चार-चार ओट्यांवर तो भिंतीला लागला. वैद्यांनी सोसायटीच्या फळ्यावर "सभासदाची कामगिरी" म्हणून एक प्रत डकवली, तेव्हा तळमजल्यावरच्या जयंतीबाईंनी जुगाराची तक्रार केली. त्यावर कमिटीची सभा झाली, आणि सभेत जुगाराचा विषय पाचव्या मिनिटाला मागे पडून तिसऱ्या आणि चौथ्या प्रतीची अदलाबदल करावी की काय यावर सगळे हमरीतुमरीवर आले. शेवटी दुरुस्तीसह मान्य असा ठराव झाला. आता अंधेरीच्या पश्चिमेला असा एकही तीनशेचार खेळणारा नव्हता, की ज्याला माझ्या तोंडून आकडा निघाल्याबरोबर माझ्या हातातली पानं कळत नव्हती. मी माझे पत्ते छापून वाटले होते.

ॲम्ब्रोजनं मात्र माझ्यासमोर तो तक्ता कधी काढला नाही. "तुझ्याकडे एक प्रत आहे का?" मी एकदा विचारलं. "हाय ना," तो म्हणाला. "एमिलियानं लोणच्याच्या बरणीवर बांधलंय."

असा आगेरा उजाडला. सकाळी देवळात ओंब्यांना आशीर्वाद मिळाले, दुपारी एमिलियाबायनं फुगे तळले, संध्याकाळी ओट्यावर खुर्च्या मांडल्या. इसिडोर नव्या शर्टात होता. दिघेही आले होते, पांढऱ्या पँटीत, आणि त्यांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती जराशी हलवून पाहिली. भाड्यानं घ्यायच्या जागेचे नळ सोडून पाहतात तसं. मग ते तिच्यामागे उभे राहिले. मी झाडाचं पान तोडलं. या खेपेला उडी मारावी लागली.

पहिले डाव असेच गेले. ॲम्ब्रोजनं दोन बोली केल्या आणि पुऱ्या केल्या, पण त्यानं माझं पान थोडंच उतरणार? मी एकशेसाठ म्हणालो की इसिडोर कागद काढी, मी एकशेसत्तर म्हणालो की वैद्य काढत. पलीकडच्या आळीत बॅण्ड लागला. फुगे संपत आले. एमिलियाबाय म्हणाली, आता शेवटचा डाव घ्या, दिवे लावायचेत.

इसिडोरनं वाटलं. पहिली बोली माझी. मी चार पानं उचलली. बदामाची सत्ती. बदामाची अठ्ठी. किलवरची सत्ती. इस्पिकची अठ्ठी.

सातवी प्रत. पस्तीस हजार नऊशे साठ तऱ्हांच्या अगदी तळाशी मी स्वतःच्या हातानं नेऊन ठेवलेली. मला वाईटही वाटेना. खुर्चीचा ओलसर वेत पाठीला लागत होता, तेवढंच जाणवत होतं. आणि तेवढ्यात मागून दिघे माझ्या पानाच्या बाजूच्या कानाशी वाकले आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, फार सभ्यपणे म्हणाले, "गुप्तेसाहेब, पाणी प्या."

माझंच वाक्य! मलाच! ज्येष्ठापासून गिळलेलं सगळं उसळलं. मी काय करतोय ते मला कळण्याआधी माझं तोंड उघडलं होतं.

"दोनशे!"

वैद्यांनी कागद काढला, जरी त्यांना पाठ होता. "दोनशे म्हणजे पहिली प्रत," ते हळहळून म्हणाले. "गुलाम, नव्वी, एक्का आणि वर आणखी एक गुलाम. आलं शेवटी नशिबाला. पास."

ॲम्ब्रोजची पाळी आली. त्यानं आपली पानं एकदा पाहिली. मग वर पाहिलं, माझ्या तोंडाकडे. बराच वेळ पाहिलं. मिशीला हात लावला. "पास," तो म्हणाला.

इसिडोरकडे चांगली पानं असावीत, कारण त्याला ते म्हणणं फार जड गेलं. पण कागदापुढे इलाज नव्हता. "पास."

मी बदामाची सत्ती पालथी ठेवली, कारण बदामाची दोन तरी होती. पुढची चार पानं वाटली. मला एक-दोन बरी आली असतील, मला आठवत नाही. मी मान खाली घालून पानं टाकत होतो. समोरून ॲम्ब्रोज हातामागून हात ओढत होता. इसिडोर आणि वैद्य मोठी पानं दडवून ठेवत होते, माझा गुलाम बाहेर येण्याची वाट पाहत. तो कुठून येणार? मध्ये हुकूम उघडावा लागला आणि सत्ती निघाली.

"सत्ती?" इसिडोर उभा राहिला. "दोनशेला सत्ती?" वैद्यांनी कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली.

गुण मोजले. दोनशेसात.

पान मी उतरवलं नाही. एमिलियाबायनं येऊन ते स्वतः काढलं आणि त्या जागी नव्या भाताची एक ओंबी खोचली. डोळे भरून आले होते हे मी कबूल करतो; ओट्यावर चुलीचा धूर येत होता हेही खरं आहे.

पण दिघे भडकले होते. तीस वर्षांत कुठल्याही क्लबात त्यांनी असं पाहिलं नव्हतं. त्यांनी ॲम्ब्रोजनं ओढलेले हात उलगडून आणि त्यालाच विचारून त्याची पहिली चार पानं वेगळी काढली. "बदामाचा गुलाम! नव्वी! एक्का! आणि इस्पिकचा गुलाम! मिस्टर परेरा, ही पहिली प्रत आहे. तंतोतंत! तुम्ही स्वतः दोनशेदहा म्हणायला हवं होतं. तुम्ही पास कसे म्हणालात?"

"मी बोललो असतो तर डाव आला असता," ॲम्ब्रोज म्हणाला. "पान नसतं उतरलं."

"पण याच्या हातात काही नव्हतं!"

"ते दिसलं ना. असं तोंड चार सत्त्या-अठ्ठ्या आल्याबगर होत नाय त्याचं."

मला वसुधाची गवार आठवली.

"आणि त्यानं बदामाऐवजी किलवर ठेवला असता तर?" दिघे सोडत नव्हते.

"तर काय? दुसरा कान मोकळाच होता." ॲम्ब्रोजनं पत्ते गोळा केले. "दिघेसाहेब, तो कागद चांगला हाय. चार पानांचं सगळं लिवलंय त्यात. पण समोर कोण बसलाय, त्याचं कुठं काय लिवलंय?"

दिघ्यांनी खरोखरच कागद काढून पाहिला. मग तो घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "मी उभाच बरा." तेव्हापासून ते दर शनिवारी माझ्या खुर्चीमागे उभे असतात. वैद्यांनी दुसऱ्या दिवशी फळ्यावरचा तक्ता काढून टाकला. गावठाणात तो कुठे कुठे अजून आहे, पण सातव्या प्रतीला आता कुणी सातवी प्रत म्हणत नाही. हातात चारही बिनगुणांची पानं आली की आंबोलीत म्हणतात, "गुप्ते आला." यात माझा मान किती आणि अपमान किती याचा मी अजून विचार करतो आहे.

पुढच्या शनिवारी ॲम्ब्रोज फार खुशीत होता. खुशीत असला की तो काहीही बोलतो. एकशेनव्वद बोलला आणि सपशेल आपटला. झाडाला हात पुरत नव्हता म्हणून इसिडोरनं शिडी धरली. ॲम्ब्रोजनं पान कानावर खोचलं आणि पुढच्याच डावाला पुन्हा म्हणाला, "एकशेऐंशी!"

इसिडोर पास म्हणाला. पाळी माझी होती. मी पानं उघडली. किलवरचा गुलाम, किलवरची नव्वी, किलवरचा एक्का, आणि चौकटचा गुलाम. पहिली प्रत! तीनशेचार खेळू लागल्यापासून माझ्या हाती ती प्रथमच येत होती. मागून दिघे माझ्या कानाशी वाकले. "दोनशे," ते कुजबुजले. "गुप्तेसाहेब, दोनशे म्हणा!"

मी समोर पाहिलं. मिशीखाली ॲम्ब्रोजचं तोंड आटलेली म्हैस विकत घेतलेल्या माणसासारखं झालं होतं. हातात काही नव्हतं. एवढं मलाही वाचता येऊ लागलं होतं. पण कानावर पान होतं.

"पास," मी म्हणालो.

ॲम्ब्रोजनं नेमका बदाम ठेवला. माझ्याकडे औषधालाही बदाम नव्हता. माझे दोन्ही गुलाम इसिडोरनं हुकमानं कापून नेले आणि आम्ही असे सडकून हरलो की वैद्यांनी गुण मोजायचेही कष्ट घेतले नाहीत. ॲम्ब्रोजनं माझी पानं उलटून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "माती खाल्लीस की रे, शाम," तो म्हणाला.

एमिलियाबाय आतून चहा घेऊन आली. ट्रेमध्ये पाच कप होते, आणि ॲम्ब्रोजच्या दुसऱ्या कानासाठी एक पान.